कोऱ्या कागदाची शिस्त

पुन्हा ते दिवस आलेत. विजेच्या तारांवर उतराणचे पतंग अजून लटकून आहेत, रंग उडालेले. पोंकच्या, म्हणजे ज्वारीच्या कोवळ्या हुरड्याच्या, गाड्या उठल्या. ऊन सकाळपासूनच अंगावर धावून येतं, आणि आमच्या लूमच्या वस्तीत, लिंबायतमध्ये, झेरॉक्सच्या दुकानांपुढे पोरांची झुंबड आहे, कारण कुणीतरी कुठूनतरी 'हमखास येणारे प्रश्न' मिळवलेत. रिक्षात सहा-सहा मुलं, मांडीवर पारदर्शक पॅड. आया दारात वाटीत दही-साखर घेऊन उभ्या.

बोर्डाच्या परीक्षेला आमच्याकडे केंद्राच्या गेटवर मुलांना गुलाबाचं फूल देतात. कपाळाला कुंकू लावतात, तोंडात पेढा भरवतात. सफेद कपड्यातले लोक येतात, फोटो निघतात, दुसऱ्या दिवशी ते पेपरात छापून येतात. मला त्या फोटोंचा राग येतो. दहा वर्षं सगळ्या चाळण्यांमधून न गळता जे मूल गेटपर्यंत पोहोचलं, त्याला फूल द्यायला काय जातं? जे वाटेत गळलं, त्याच्या घरी कुणी कधी फूल घेऊन गेलंय? निदान, बाई, तुमची मुलगी का गळली, एवढं विचारायला तरी?

मी पत्रकं लिहिते. पाण्यासाठी, गटारासाठी, लूमवरच्या बारा-बारा तासांच्या पाळ्यांविरुद्ध. पत्रकाला मागणी लागते, आणि मागणी चार ओळींत बसावी लागते. या मोसमाबद्दल पत्रक लिहायला बसले की मागणीच्या आधी तेजल येऊन बसते आणि चार ओळींत मावत नाही. म्हणून हे असं लिहितेय.

वेसूच्या उंच इमारतींमधलं एखादं मूल शाळेत जात नसेल, तर त्याला होमस्कूलिंग म्हणतात. आईबाबांनी विचारपूर्वक घेतलेला निर्णय. त्यावर पुरवणीत अर्धं पान येतं, मूल मातीत हात घालून हसताना दिसतं. लिंबायतमधलं मूल शाळेत जात नसेल तर ते शाळाबाह्य. त्याची गणना होते, त्याच्या आईला दरडावलं जातं, आणि विचारपूर्वक काही करण्याचा हक्क तर तिला नसतोच. दोन्ही घरी मूल सकाळी उठून घरीच गणित शिकतं. फरक एवढाच, की एका घराला लिफ्ट आहे.

सुनंदाताईंनी निर्णय घेतला होता, आणि तो अगदी विचार करून घेतला होता. सुनंदाताई म्हणजे तेजलची आई. मूळच्या जळगावकडच्या; नवरा लूमवर, त्या घरी साड्यांवर हिरे चिकटवायच्या. हिरे म्हणजे काचेचे, चमकणारे, टिकलीएवढे. तेजल तिसरीत असताना वर्गात पाढे उभ्यानं, मोठ्यानं म्हणायचे असा दंडक होता. तेजलला पाढे येत. पण चाळीस डोळे तिच्याकडे वळले की तिचा गळा बंद व्हायचा. मग बाकावर उभं करणं आलं. मग वर्गात तिचं नाव 'मुकी' पडलं, आणि ते नाव पाडणारी मुलं नव्हती. सुनंदाताई शाळेत जाऊन एवढंच म्हणाल्या, "मनी पोर मुकी नही शे." आणि तिला हाताला धरून घरी घेऊन आल्या.

गल्लीनं सोडलं नाही अर्थात. नळावर एकीनं खोचून विचारलं, काय गं, पोरीला साड्यांवर बसवलं वाटतं? सुनंदाताईंनी कळशी भरता भरता उत्तर दिलं, "हा ना. तुनी पोर बाकडावर उभी शे, ती काय शिकी ऱ्हायनी?" नळावरच्या बाकीच्या बाया हसल्या. विचारणारीही हसली, कारण तिची पोरगी खरंच उभी असायची.

तीन वर्षांपूर्वीच्या परीक्षांच्या मोसमात माझ्याकडे शिकायला तीन मुलं होती. तेजल तेव्हा अकरा वर्षांची. तिच्या शेजारच्या खोलीतली भावंडं हर्षल आणि चेतना. हर्षल नऊचा, तो एका जागी बसत नाही म्हणून शाळेनं त्याला घरी बसवलं होतं, आता यात कुणाला काही विनोदी वाटत असेल तर वाटो. चेतना त्याची मोठी बहीण. तिला डाव्या कानानं कमी ऐकू यायचं. मागच्या बाकावर बसवलेल्या त्या मुलीला 'लक्ष नसतं' असा शेरा मिळाला होता. त्या दोघांची आई कंटाळली आणि मला म्हणाली, प्रज्ञा, तूच बघ आता.

वर्ग आमच्या माळ्यावरच्या खोलीत भरायचा. खाली लूमचं खातं, यंत्रमागांचा कारखाना. दिवसभर मशीनचा खटखटाट जमिनीतून पायात, पायातून दातात. स्टीलच्या पेल्यातलं पाणी थरथरायचं, फरशीवर ठेवलेला खडू हळूहळू घरंगळत दाराकडे निघायचा. हर्षलला त्या खटखटीचा ताल सापडला होता. तो खोलीभर फेऱ्या मारत, पाय आपटत पाढे म्हणायचा, आणि मशीन बंद पडलं की त्याचा पाढाही अडायचा. चेतनाला बोललेलं निम्मं पोहोचायचं नाही; ती सगळं चौकोनांत काढायची. भागाकार सांगितला की खडूनं फरशीवर चौकोन, चौकोनांत चौकोन, आणि शेवटी एका कोपऱ्यात बाकी, तिला ती नेहमी छोटी शेपटी काढायची. तेजल बोलायची नाही आणि काढायचीही नाही. ती कागद घ्यायची, घडी घालायची, उलगडायची, पुन्हा घालायची. तिच्या बोटांना अपूर्णांक माझ्याआधी कळायचे. साडीवरच्या बुट्टीच्या, नक्षीतल्या फुलाच्या, अर्ध्या भागावर हिरे लावून झाले की उरलेला अर्धा त्याच्यासमोर आरशासारखा उतरवायचा, हे ती आईच्या शेजारी बसून करत आली होती.

आई मुलीला कामाला लावते, म्हणून इथे काही वाचकांच्या भुवया वर जातील. जाऊ देत. माझ्याही जातात. फक्त भुवया वर गेल्यावर एक प्रश्न त्या साडीच्या शोरूममध्येही जाऊन विचारा. सगळे प्रश्न सुनंदाताईंच्याच उंबऱ्यावर टाकायचे, ही सोय मला मान्य नाही.

त्याच सुमारास मी एका शिबिराला गेले होते. थंडगार हॉल, पडद्यावर चित्रं. तिथले तज्ज्ञ सांगत होते की मुलं तीन प्रकारची असतात. डोळ्यानं शिकणारी, कानानं शिकणारी, हातानं शिकणारी. प्रकार ओळखा, तसं शिकवा, गणित सोपं होतं. मी परत येताना बसमध्ये खूश होते. माझ्याकडे तर तीन प्रकारची तीनच मुलं होती, शिबिरासाठी मुद्दाम निवडल्यासारखी.

मग मुलांनी ते सगळं उधळून लावलं. हर्षल, जो कानाचा, त्याला दशांश चिन्ह ऐकून काही केल्या समजेना. चेतनाच्या चौकोनांत बघून एका झटक्यात समजलं. चेतना, जी डोळ्याची, ती अपूर्णांकांची बेरीज करताना चित्र पुसून तेजलसारखी कागदाला घड्या घालायला लागली. आणि तेजल, जी हाताची, ती हर्षलच्या फेऱ्यांकडे पाठ करून बसायची आणि तिचे ओठ त्याच्या पाढ्याबरोबर हलायचे. मूल म्हणजे काय सुटे भाग आहेत? शाळेनं एकच दरवाजा ठेवला होता, मोठ्यानं म्हणण्याचा. शिबिरानं तीन ठेवले, पण प्रत्येकावर नावाची पाटी लावली. मुलं मात्र ज्या दरवाजातून त्या दिवशी उजेड येईल, तिथून आत शिरत होती. आपण सगळे दरवाजे उघडे ठेवायचे आणि बाजूला व्हायचं, एवढं हे साधं आहे. एवढं साधं असूनही होत नाही, याचाच तर संताप येतो.

तेजलला शाळेत परत जायचं होतं. हे नीट सांगते, कारण घरी शिकणाऱ्या मुलांना शाळा नकोच असते असं पुरवणीतल्या लेखांत असतं. तिच्या वयाच्या मुली गणवेशात खिडकीखालून जायच्या तेव्हा ती हातातलं काम थांबवायची. त्यांच्याकडून तिनं ऐकलं होतं की सहावीत शाळेत भिंग मिळतं, मुंगीचे डोळे दिसतात. सुनंदाताईंचंही म्हणणं तेच. शाळेनं पोरीला आजारी पाडलं, घरी आणून बरी केली. बरं झालेलं माणूस दवाखान्यात ठेवतात का?

कायदा सांगतो, मूल वयानुसार ज्या वर्गात बसायला हवं त्याच वर्गात बसवा, आणि प्रवेशासाठी चाचणी घेऊ नका. मी त्यावर पत्रक काढलं होतं, गुलाबी कागदावर. शाळेच्या मोठ्या बाईंनी ते वाचलं. नीट घडी केली. म्हणाल्या, चाचणी नाही हो, नुसती पातळी बघायची. गणिताचा एक पेपर. पातळी असेल तर सहावी, नसेल तर तिसरीत जिथं सोडलं तिथंच. म्हणजे अकरा वर्षांची मुलगी आठ वर्षांच्या मुलांत. तेजलनं ते ऐकलं आणि घरी येऊन मला सांगितलं, ती बाळांमध्ये बसणार नाही. तिसरी मिळाली तर ती शाळेचं नाव काढणार नव्हती, आणि मग खिडकीजवळची साडी ताणलेली खाट तिची वाट बघतच होती. आज थोडा हात लावणं, उद्या पूर्ण दिवस. कुणाला जबरदस्ती करावी लागत नाही. आमच्याकडे मुली अशाच, आवाज न करता, जातात.

पेपरात जे होतं ते सगळं तिला येत होतं. मी पैज लावायला तयार होते.

ती पेपर कोरा देऊन आली.

पूर्ण कोरा नव्हे, त्याहून वाईट. कागद जागोजागी विरलेला, काळपट, रबरानं घासून घासून कापडासारखा झालेला. एकही आकडा शिल्लक नव्हता. मोठ्या बाई दुःखानंच म्हणाल्या, बघा, काहीच येत नाही बिचारीला. त्यांचं ते 'बिचारी' माझ्या कानात अजून आहे.

तेजलला मी काही विचारलं नाही. सुनंदाताईंनी विचारलं, काम करता करता, मान वर न करता. तेव्हा ती बोलली. सातवं गणित चुकलं असं तिला वाटलं. मग सहावंही चुकलं असेल असं वाटलं. मग सगळंच पुसलं. का पुसलं, तर तिनं आईकडेच असं पाहिलं, जणू हे काय विचारणं झालं. "बगडी जाय तो?" ती गुजरातीत म्हणाली. बिघडलं तर?

सुनंदाताईंच्या हातातला गोंदाचा कोन थांबला. त्यांना कळलं, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मलाही.

घरी करायला दिलेल्या साड्यांचा एक नियम आहे. शेठचा माणूस पोटल्यात बांधून साड्या टाकून जातो. न जमणारी साडी कोरीच परत दिली, तर चार बोलणी बसतात, बस. पण हिरा वाकडा लागला, गोंदाचा डाग पडला, तर ती साडी तुमच्या गळ्यात आणि पुढचं काम बंद. म्हणून प्रत्येक घरात मुलींना पहिल्याच दिवशी शिकवतात, खात्री नसेल तर हात लावू नको. डागाळण्यापेक्षा कोरी बरी. तेजलनं शाळेच्या कागदाला तोच नियम लावला होता. ती बेशिस्त नव्हती. उलट तिला जी एकमेव शिस्त कुणी मन लावून शिकवली होती, ती तिनं काटेकोर पाळली होती.

आणि आता मला सांगा, शाळेचा नियम तरी याहून काय वेगळा होता? चुकलास की बाकावर. अडखळलीस की मुकी. लाल पेनानं भोवती गोल, पानभर दिसेल असा. शेठ डाग पडलेली साडी परत करतो आणि शाळा डाग पडलेलं मूल. निदान शेठनं आपण मुलांचं भलं करतो असा दावा कधी केला नाही.

गणितात चूक म्हणजे डाग नव्हे, चूक म्हणजे पायरी. हे म्हणायला मला एक वाक्य लागलं. तेजलच्या बोटांपर्यंत पोहोचवायला तो उरलेला मोसम लागला. पहिल्यांदा घरातली सगळी खोडरबरं गेली. हर्षलनं ती आनंदानं छपरावर फेकली, एक कबुतराला लागता लागता राहिलं. मग नियम केला, उत्तराच्या आधी प्रत्येकानं एक चुकीचं उत्तर द्यायचं, आणि ते का चुकीचं हे दुसऱ्यानं सांगायचं. अठ्ठेचाळीस सक किती? हर्षल ओरडायचा, चार. चेतना कपाळाला हात लावून फरशीवर मोठा चौकोन काढायची, अरे, पन्नास सक तीनशे, त्याच्या जरा आतच असणार ना. आणि सगळे तेजलकडे बघायचे. नाही, बघायचे नाही. ते आम्ही ठरवून टाळलं होतं. सगळे खिडकीबाहेर बघायचे. हर्षल तर इतका जोर लावून बाहेर बघायचा की तेजलला हसू यायचं.

कितीतरी दिवस ती खात्रीचंच बोलायची. मग एका दुपारी, खालच्या लूमची लाइट गेलेली, अचानक सगळीकडे शांत, तेव्हा ती म्हणाली, दोनशे नव्वद. थांबली. मग म्हणाली, नाही, दोनानं जास्त झालं. कुणी टाळी वाजवली नाही. चेतनानं फरशीवर दोनशे नव्वद लिहून त्यावर एक बारीक आडवी रेघ मारली आणि पुढे दोनशे अठ्ठ्याऐंशी लिहिलं. पुसलं नाही. तेजल त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिली. खाली मशीन पुन्हा सुरू झालं तरी बघत राहिली.

त्या वेळी होळीची लाकडं गल्लीच्या तोंडाशी रचली जात होती. शाळांच्या वार्षिक परीक्षा अगदी दारात. सुनंदाताई मला म्हणाल्या, चल, आज तेजलला घेऊन परत शाळेत जाऊ. मी पिशवीत पत्रकं भरली. त्यांनी ती काढून खाटेवर ठेवली. रस्त्यात त्या एवढंच बोलल्या, मी भांडायला जाते तेव्हा छान भांडते, पण आज पेपर माझा नाही.

मोठ्या बाईंच्या खोलीत पंखा होता, पुढ्यात वह्यांचे ढीग होते, आणि त्या खरंच दमलेल्या होत्या. साठ मुलांचा एक वर्ग त्या स्वतः घेत होत्या, हे मला नाकारायचं नाही. दमलेल्या माणसानं अन्याय केला तरी तो अन्यायच राहतो, इतकंच. त्या म्हणाल्या, पातळी बघून झाली की हो. मी तोंड उघडलं.

"तू गप बैस, प्रज्ञा," सुनंदाताई म्हणाल्या. "तिले बोलू दे."

तेजलनं टेबलावरचा एक कोरा कागद ओढला आणि हात पुढे केला. पेन मागितलं, पेन्सिल नव्हे. मोठ्या बाईंनी पेन दिलं आणि एक गणित सांगितलं. तीन छेद चार अधिक एक छेद सहा.

तेजलनं वरच्यात वरचे मिळवले, खालच्यात खालचे. चार छेद दहा. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा त्यावर एक आडवी रेघ होती. खाली नऊ छेद बारा, अधिक एक छेद बारा, दहा छेद बारा. तिनं कागदाचा कोपरा दुमडला, पुन्हा दुमडला, सोडला. दुसरी रेघ. तिचा कान लाल झाला होता. सुनंदाताई स्वतःच्या बोटांवरचा वाळलेला गोंद सोलत होत्या आणि वर बघत नव्हत्या. मग नऊ छेद बारा, अधिक दोन छेद बारा. अकरा छेद बारा.

मोठ्या बाईंनी कागद घेतला. उत्तर बरोबर आहे म्हणाल्या. पण बाळ, इतकी खाडाखोड का? नीटनेटकं नको का?

आणि जिला त्या इमारतीनं मुकी ठरवलं होतं, ती मुलगी म्हणाली, "मॅडम, खोडलंय ना, तेपण वाचा. मेहनत तिथं केलीय."

मोठ्या बाईंनी चष्मा लावला. त्यांनी वाचलं, अगदी खरंच वाचलं, बोट ठेवून, पहिल्या रेघेपासून. दुसऱ्या रेघेशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी विचारलं, इथं एक होता, मग खाली त्याचा दोन कसा झाला?

त्या इमारतीत कुणीतरी तेजलला तिच्या चुकीबद्दल पहिल्यांदाच प्रश्न विचारत होतं. तिनं कागदाला घडी घातली. खालचं डबल केलं तर वरचंपण डबल करावं लागतं, ती सांगू लागली, नाहीतर तुकडा लहान होऊन जाय ना, मॅडम, हे बघा. मधेच ती अडखळली, काहीतरी उलटं बोलली, थांबली, म्हणाली, नाही, चुकलं, परत सांगते. आणि परत सांगितलं, मोठ्यानं.

तिला सहावी मिळाली. माझा राग त्यानं निवला, असं कुणी समजू नये. जे कायद्यानं तिचंच होतं, ते तिला तीन ओळींची परीक्षा देऊन मागून घ्यावं लागलं, आणि अशा किती जणींचे घासून विरलेले कागद कुठल्या कुठल्या कपाटांत 'काहीच येत नाही' म्हणून पडले असतील, ते कुणी काढून उजेडात धरलेले नाहीत. आत्ता हे लिहिताना तेजल आठवीत आहे, तिची परीक्षा परवा सुरू होते. गणितात ती मधली आहे, पहिली-बिहिली नाही. काल जिन्यात भेटली. अभ्यास झाला का म्हणून विचारलं, तर म्हणाली, दीदी, दोन धडे अजिबात कळले नाहीत, पण मी मॅडमना वर्गात विचारलं, सगळ्यांसमोर. मुलं हसली. मी म्हटलं, मग? तर म्हणाली, मग काय, हसणाऱ्यांनापण नव्हतं कळलेलं.